रिकामी बाकं म्हणजे बेकायदा कामकाज?

नागपूरचं अधिवेशन आलं की रिकाम्या बाकांचा फोटो फिरतो. सोबतची ओळ ठरलेली: ‘निम्मे आमदार नसतील तर चर्चा बेकायदा.’ हे खरं नाही. संविधानाच्या कलम १८९ नुसार गणसंख्या, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी, १० सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यांत जी जास्त ती. विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे २९ आमदार पुरे. तेवढेही नसतील तर घंटा वाजते आणि लॉबीत गप्पा मारणारे लगबगीने आत येतात. रात्री उशिरा बोलणाऱ्या आमदाराचा हिशेब वेगळाच. समोर कोणी नसलं तरी सभागृहाचा प्रतिवेदक भाषण लिहून घेतोय ना! मतदारसंघातल्या पुलाची मागणी नोंदीत आली की झालं. मंत्रीच जागेवर नसले तर मात्र तो भडकतो, आणि ते रास्तच आहे.