ओआरएसची पुडी आणि ओआरएससारखं दिसणारं पेय: जुलाब झालेल्या मुलासाठी नेमकं काय आणायचं?

घरात लहान मूल असलं की रोज एकच हिशोब वेगवेगळ्या रूपांत समोर येतो: पैसे वाचवायचे की दगदग? लंगोट धुवायचे की डायपर आणायचे, नाचणीचं सत्त्व घरी काढायचं की डबा विकत घ्यायचा. यातल्या बहुतेक ठिकाणी दोन्ही उत्तरं बरोबर असतात. डायपर वेळेवर बदलला तर बाळाचं काही बिघडत नाही, लंगोटानेही नाही. ज्या घराला जे झेपतं ते त्या घराने करावं आणि आजूबाजूच्यांनी त्यावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी करणाऱ्या आईने सोय विकत घेतली म्हणून तिला टोमणे मारणाऱ्यांची मला चीड येते.

पण औषधाच्या दुकानात एक जागा अशी आहे, जिथे हा हिशोब लागूच पडत नाही. तिथे समोर आलेल्या दोन वस्तू एकाच औषधाचे दोन प्रकार वाटतात, एक कटकटीचा आणि एक सोयीचा. प्रत्यक्षात त्यातली एक औषध असते आणि दुसरी सरबत.

पहिली वस्तू म्हणजे ओआरएसची पुडी. कंपनी कुठलीही असो, कित्येक घरांत तिला इलेक्ट्रॉलच म्हणतात. पावडर एक लिटर पाण्यात विरघळवायची, चव खारट-आंबूस. दुसरी म्हणजे २०० मिलीचा टेट्रा पॅक: वर सफरचंदाचं किंवा संत्र्याचं चित्र, पाठीला चिकटवलेली स्ट्रॉ, चव गोड. अशा काही पॅकच्या नावातच वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ ही अक्षरं होती. मुलाला सकाळपासून सहा-सात वेळा पातळ शी झालेली, दुकान बंद व्हायला आलेलं, बाप घाईघाईने ‘ओआरएस द्या’ म्हणतो आणि काउंटरपलीकडून विचारलं जातं, ‘पावडर देऊ की तयार?’ थकलेला माणूस तयारच घेणार. त्याची काही चूक नाही. त्याला प्रश्नच असा विचारला गेला की जणू आत एकच गोष्ट आहे.

आत काय आहे ते आकड्यांत बघू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये ठरवून दिलेल्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्यामागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. फळांच्या चवीच्या बहुतेक तयार पेयांत लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि सोडियम ओआरएसच्या मानाने फारच कमी. म्हणजे २०० मिलीच्या एका पॅकमधून मुलाच्या पोटात चार चहाचे चमचे साखर जाते. तेवढ्याच ओआरएसमधून जेमतेम अर्धा चमचा.

एवढ्या साखरेने काय होतं हे कळायला आतड्याचं काम थोडं समजून घ्यावं लागेल. जुलाबात आतड्याची पाणी शोषण्याची नेहमीची पद्धत कोलमडते. साधं पाणी कितीही पाजलं तरी त्यातलं बरंचसं तसंच बाहेर पडतं. पण आतड्याच्या अस्तरात एक वाट शाबूत राहते. तिथून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. ओआरएसची सगळी करामत या जोडीत आहे, म्हणून त्यात ग्लुकोज आणि सोडियम यांचं प्रमाण, वजनात नव्हे तर रेणूंच्या हिशोबात, सारखं ठेवलेलं असतं. साखर प्रमाणाबाहेर गेली की उलटं होतं. न शोषलेली साखर आतड्यातच राहते आणि शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. आईबाप मात्र समाधानात असतात, की पोरगं निदान ओआरएस तरी पितंय.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती. शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि तो पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूंचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. त्या छावणीत ना डॉक्टर पुरेसे होते ना खाटा. अशिक्षित आईलाही देता येईल इतका सोपा उपाय तिथे सिद्ध झाला, आणि त्याची सगळी ताकद मोजमापात होती. त्याच नावाखाली गोड पाणी विकलं जावं, याचा राग येतो तो म्हणूनच.

हा राग हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं लावून धरला, कोर्टातही नेला. अन्नसुरक्षा नियामकाने, म्हणजे एफएसएसएआयने, एप्रिल २०२२ मध्ये पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. मग त्याच वर्षी जुलैत आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये सवलत दिली: पुढेमागे अक्षरं जोडून नाव ठेवा, फक्त हे जागतिक आरोग्य संघटनेचं ओआरएस नाही अशी सूचना छापा. ती सूचना कोण वाचतं? आजारी मूल कडेवर असताना तर नाहीच. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ही सवलत मागे घेतली गेली. तेव्हा आता नावात ‘ओआरएस’ असलेलं सरबत दुकानात दिसता कामा नये. पण नाव बदललं तरी मांडणी, रंग आणि ‘पावडर देऊ की तयार’ हा प्रश्न तसाच राहू शकतो, म्हणून ओळख आपल्यालाच पटवता यायला हवी.

इथे एक गैरसमज उलट दिशेनेही होतो. टेट्रा पॅक म्हटला की वाईट, असं नाही. खरं ओआरएससुद्धा तयार द्रवरूपात, टेट्रा पॅकमध्ये मिळतं. म्हणून वेष्टन बघून काहीच ठरत नाही, पॅक फिरवून मागची बाजू वाचावी लागते. ओआरएस हे कायद्याने औषध आहे. त्यामुळे पुडीवर ‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स’ आणि पुढे ‘आय.पी.’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाचं सरकारी प्रमाण) छापलेलं असतं, घटकद्रव्यं ग्रॅममध्ये दिलेली असतात आणि औषध बनवायच्या परवान्याचा नंबर असतो. सरबत हे अन्न आहे. त्यावर एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा आकडी नंबर असतो, शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो आणि पोषणमूल्यांचा तक्ता असतो. तो तक्ताही कामाचा आहे. खऱ्या ओआरएसच्या १०० मिलीत ग्लुकोज साधारण १.३५ ग्रॅम आणि सोडियम साधारण १७० मिलिग्रॅम. तक्त्यात साखर ८-१० ग्रॅम दिसली तर पुढचं वाचायची गरजच नाही. आणि ‘शुगर फ्री’ इलेक्ट्रोलाइट पेयं दिसली तर तीही नकोत, कारण ग्लुकोजच नसेल तर वर सांगितलेली जोडीच होत नाही.

आता पैशांचं. एक लिटरची पुडी साधारण वीस-पंचवीस रुपयांना मिळते, आणि आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट. २०० मिलीचा टेट्रा पॅक, खऱ्या ओआरएसचा असो की सरबताचा, साधारण तीस-चाळीसला बसतो. म्हणजे लिटरभर तयार पेयाला दीडशे-दोनशे रुपये. खऱ्या ओआरएसचा पॅक असेल तर हे पैसे नुसते सोयीचे, आणि प्रवासात मी ते आनंदाने देईन. एसटीत किंवा गणपतीच्या गर्दीतल्या कोकण रेल्वेत उकळलेलं पाणी, स्वच्छ भांडं आणि मोजमाप कुठून आणणार? घरी मात्र पुडीच. सरबताचा पॅक घेतला तर तेवढेच पैसे जातात आणि जे आणायला गेलो ते घरी येतच नाही.

पुडी कटकटीची आहे हे मात्र मान्य करायलाच हवं, कारण ती चुकीची बनवली तर तीही त्रास देते. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मोठी पुडी फोडायची, अंदाजाने दोन चमचे पेल्यात टाकायचे आणि बाकीची चिमटा लावून ठेवून द्यायची. एवढंसं मूल लिटरभर कुठे पिणार, उगाच वाया कशाला घालवायचं, असा त्यामागचा काटकसरीचा विचार असतो. पण त्या पेल्यात मीठ किती गेलं हे कुणालाच माहीत नसतं. दाट झालेलं ओआरएस बाळाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढवू शकतं, आणि पातळ झालेलं पुरत नाही. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच, एकदम. घरात माप नसेल तर विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हे उत्तम माप आहे. पाणी उकळून गार केलेलं, हात साबणाने धुतलेले, पूर्ण पुडी रिकामी, मग हलवायचं. वर साखर नाही, दूध नाही, चवीला रस नाही. झाकून ठेवायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं बिनदिक्कत ओतून द्यायचं. वाया जायची फारच हुरहुर वाटत असेल तर २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात. त्या मागून घ्या. बहुतेक दुकानदार आपणहून काढत नाहीत.

पुडी नसेल आणि रात्र असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, शीग लावून नाही. यात पोटॅशियम नसतं, म्हणून ही सकाळपर्यंतची सोय समजायची. मीठ घातलेली भाताची पेज आणि पातळ ताकही सहा महिन्यांवरच्या मुलाला चालतं. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण त्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे ते ओआरएसच्या जागी नको. ग्लुकोज पावडरचा डबा तर अजिबात नको. तो उन्हातून आलेल्या मोठ्या माणसासाठी ठीक. अंगावरचं दूध कुठल्याही परिस्थितीत बंद करायचं नाही. डॉक्टर झिंकही सांगतील: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून पुष्कळ घरांत ते बंद होतं. पूर्ण द्या, कारण पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते.

‘ते खारट पाणी आमचं बाळ तोंडात घेत नाही हो.’ सरबताचा पॅक घरात येतो तो बहुतेक वेळा या वाक्यामागून, आणि मला ही अडचण खरी वाटते. पण एक गोष्ट बालरोगतज्ज्ञ नेहमी सांगतात: ज्या मुलाच्या अंगातलं पाणी खरंच कमी झालंय, ते ही चव मुकाट्याने पितं. तोंड फिरवणारं, चमचा ढकलणारं, नेहमीसारखी शू करणारं मूल बहुतेक वेळा अजून तितकं कोरडं पडलेलं नसतं. त्याच्यावर जबरदस्ती करण्यापेक्षा चमच्या-चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी देत राहा. वाटी-चमचा घेऊन तासभर मांडीवर बसवून पाजावं लागतं, याला दुसरा तोडगा नाही. बाटलीने किंवा स्ट्रॉने एकदम प्यायलं की उलटी होऊ शकते. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं, आधीपेक्षा सावकाश. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यापुढच्याला १०० ते २०० मिली, हा अंदाज ठेवा.

मूल मलूल पडलंय, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, सहा तासांत शू नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, शीतून रक्त जातंय किंवा काहीच पोटात ठरत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी कुठलं ओआरएस हा विचार बाजूला ठेवून लगेच निघा. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर इतकीही वाट बघू नका. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत वाटेत चमच्याने पाजणं चालू ठेवा.