पदरमोडीची राखण : नॉव्हूतील ज्येष्ठ मिशनरी जोडप्यांमागचा इतिहास

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पश्चिम सीमेवर, मिसिसिपी नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेल्या भूभागावर नॉव्हू हे हजारेक वस्तीचे गाव आहे. गावाच्या नदीलगतच्या सखल भागात १८४० च्या दशकातील विटांची घरे, लोहाराची भट्टी, छापखाना, बेकरी आणि बंदुका घडविणाऱ्या कारागिराचे दुकान अशा वास्तू हिरवळीत विखुरलेल्या असून, त्यांच्या दारात जुन्या धाटणीचा पायघोळ झगा घातलेली एखादी आजी आणि तिच्यासोबतचे आजोबा येणाऱ्याचे स्वागत करताना दिसतात. सामान्यतः मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटर-डे सेंट्स चर्चचे हे ज्येष्ठ मिशनरी. नावाच्या पट्टीवर पुरुषाच्या आडनावाआधी ‘एल्डर’ आणि स्त्रीच्या आडनावाआधी ‘सिस्टर’ लिहिलेले असते, आणि आपसांतही ते एकमेकांना याच नावाने हाक मारतात.

त्यांचा आठवडा वेळापत्रकावर चालतो. कोणत्या दिवशी कोणत्या घरी उभे राहायचे हे ठरवून दिलेले असते, त्यामुळे एके दिवशी भट्टीपाशी नालेचा खिळा वाकवून त्याची अंगठी पाहुण्याच्या हातात ठेवणारे जोडपे दुसऱ्या दिवशी दोर वळून दाखवीत असते, किंवा मेणात वात पुन्हा पुन्हा बुडवून मेणबत्ती कशी जाड होत जाते हे शाळकरी मुलांना समजावीत असते. संध्याकाळी यांतलेच अनेकजण रंगमंचावर गाण्या-नाट्याचा कार्यक्रम करतात. रविवारी उपासना असते. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि नातवंडांशी बोलणे यांसाठी राखलेला असतो. या कामाला वेतन नाही. राहण्याचे भाडे, जेवणखाण, प्रवास, सारे पदरचे. सेवेची मुदत सहा ते तेवीस महिन्यांची, आणि निवृत्त शिक्षक, शेतकरी, अभियंते, दंतवैद्य असे लोक ती आपखुशीने पत्करतात. प्रवेशाला तिकीट नसते.

या व्यवस्थेकडे धार्मिक पर्यटनाचा एक सोज्वळ प्रकार म्हणून पाहता येते, परंतु तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. ज्या पंथाने आपल्या आरंभीच्या काळात विवाहित पुरुषांना बायकामुले मागे सोडून धर्मप्रचाराला धाडले, त्याच पंथाने पुढे आपल्या पूर्वजांनी सोडलेली घरे राखण्यासाठी जोडप्यांना एकत्र पाठवावे, या उलट्या प्रवासात या आठवड्याचा इतिहास दडलेला आहे.

चर्चची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेएट येथे झाली. संस्थापक जोसेफ स्मिथ तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाच्या पाच हजार प्रती त्याआधी काही दिवसांपूर्वीच पाल्मायरा गावच्या छापखान्यातून बाहेर पडल्या होत्या. छपाईच्या तीन हजार डॉलरसाठी मार्टिन हॅरिस या अनुयायाने आपली शेती गहाण टाकली होती. पदरमोडीची परंपरा इतकी जुनी आहे. न्यूयॉर्कहून ओहायोतील कर्टलंड, तेथून मिसुरी, आणि मिसुरीच्या गव्हर्नरने ऑक्टोबर १८३८ मध्ये मॉर्मनांना राज्यातून हुसकावण्याचा अथवा संपविण्याचा हुकूम काढल्यावर इलिनॉय, असा हा समाज सरकत गेला. १८३९ मध्ये त्यांनी नदीकाठची कॉमर्स नावाची दलदलीची वस्ती विकत घेतली. स्मिथ यांनी तिला ‘सुंदर’ अशा अर्थाच्या हिब्रू शब्दावरून नॉव्हू हे नाव दिले, मात्र तेथील पहिल्या उन्हाळ्याला ते मुळीच शोभणारे नव्हते. हिवतापाने घरोघरी माणसे अंथरुणाला खिळली होती.

त्याच सप्टेंबरात ब्रिगॅम यंग आणि हीबर किंबॉल हे चर्चचे दोन नेते इंग्लंडला प्रचारासाठी निघाले. दोघेही तापाने इतके फणफणले होते की गाडीत चढतानाही त्यांना आधार लागत होता. यंग यांच्या पत्नी मेरी अ‍ॅन नुकत्याच बाळंत झालेल्या, किंबॉल यांच्या पत्नी व्हायलेट तापात पडलेल्या. गाडी थोडी पुढे गेल्यावर किंबॉल यांना राहवेना. त्यांनी गाडी थांबवली, दोघे कसेबसे उभे राहिले आणि घराकडे तोंड करून त्यांनी जयघोष केला, तेव्हा दोघी बायका दारापर्यंत आल्या. हा प्रसंग पंथात आजही अभिमानाने सांगितला जातो. श्रद्धेची कसोटी म्हणून तो सांगितला जात असला, तरी दारात उभ्या राहिलेल्या त्या दोघींनी पुढची जवळजवळ दोन वर्षे कशी काढली, हा प्रश्न त्या जयघोषात बुडून जाऊ नये.

त्या इंग्लंड मोहिमेचे फळ मोठे होते. हजारो ब्रिटिश अनुयायी समुद्र ओलांडून नॉव्हूला आले आणि १८४० च्या दशकाच्या मध्यास गावाची वस्ती बारा हजारांच्या घरात गेली. त्या काळच्या शिकागोशी तिची तुलना होत असे. गावोगाव पुरुष पाठविण्याची पद्धतही पक्की झाली. जून १८४३ मध्ये अ‍ॅडिसन प्रॅट नॉव्हूहून पॅसिफिक महासागरातील सोसायटी बेटांकडे गेले. त्यांच्या पत्नी लुईसा बार्न्स प्रॅट यांनी मागे राहून चार मुली सांभाळल्या, घर बांधले, आणि समाज पश्चिमेला निघाला तेव्हा मुलींना घेऊन मैदाने व पर्वत स्वतःच पार केले. पतीची भेट झाली ती १८४८ मध्ये, पाच वर्षांनी. त्यानंतर प्रॅट पुन्हा त्याच बेटांवर रवाना झाले, आणि या वेळी, १८५० मध्ये, लुईसा व मुलींनाही चर्चने तिकडे पाठविले. त्या तुबुआई बेटावर उतरल्या. ज्येष्ठ जोडप्यांच्या सेवेची वंशावळ काढायची झाल्यास लुईसाबाईंचे नाव आरंभी घ्यावे लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अविवाहित स्त्रियांना मिशनरी म्हणून अधिकृतपणे पाठविण्यास मात्र १८९८ साल उजाडले.

याच एकट्या पुरुषांच्या लाटेचा एक तरंग महाराष्ट्रापर्यंतही आला होता. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याच्या छावणीच्या परिसरात त्यांनी अनुयायांचा एक लहान गट जमविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत चर्चने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला आणि ती बातमी हिंदुस्थानातील इंग्रजी वृत्तपत्रांतून पसरल्यावर आधीच अवघड असलेले काम आणखी अवघड झाले. १८५० चे दशक संपण्याआधीच हा प्रयत्न थांबला.

बहुपत्नीत्वाचे मूळही नॉव्हूतच आहे. त्याविषयीचा उपदेश जुलै १८४३ मध्ये तेथेच लिहून घेतला गेला, पण तो काही निकटवर्तीयांपुरताच गुप्त राहिला. जून १८४४ मध्ये असंतुष्ट सदस्यांनी काढलेल्या वृत्तपत्राने त्याचा बोभाटा केला, तेव्हा स्मिथ महापौर असलेल्या नगरपरिषदेच्या हुकमाने त्याचा छापखाना मोडून टाकण्यात आला. त्यातून उठलेल्या वादळात स्मिथ आणि त्यांचे बंधू हायरम यांना जवळच्या कार्थेज गावी तुरुंगात ठेवले असता २७ जून रोजी जमावाने तुरुंगात घुसून दोघांना ठार केले. यानंतर नॉव्हूत राहणे अशक्य झाले. ४ फेब्रुवारी १८४६ पासून ब्रिगॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली पश्चिमेला, पुढे युटा झालेल्या प्रदेशाकडे निघालेल्या गाड्यांची रांग नदी ओलांडू लागली. किंबॉल कुटुंबाचे विटांचे प्रशस्त घर आदल्याच वर्षी पुरे झाले होते. त्यात त्यांना जेमतेम काही महिने राहता आले. अर्धवट रिकाम्या गावात उभे राहिलेले मंदिर ऑक्टोबर १८४८ मध्ये कोणी तरी पेटवून दिले आणि उरलेल्या भिंतींचीही १८५० च्या चक्रीवादळात पडझड झाली. दरम्यान समाजवादी वसाहत स्थापण्यास निघालेले एत्येन काबे यांचे फ्रेंच अनुयायी गावात आले, पाठोपाठ जर्मन शेतकऱ्यांनी द्राक्षमळे लावले, आणि मॉर्मनांचे नॉव्हू हळूहळू दुसऱ्यांचे गाव झाले.

सोडलेल्या जागांकडे चर्च वळले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यामागे भक्ती होती तशी निकडही होती. १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबविल्याची घोषणा झाली, १८९६ मध्ये युटा राज्य झाले, आणि आपण अमेरिकेचेच आहोत हे अमेरिकेला पटवून देण्यासाठी पूर्वेकडील जन्मभूमीशी नाते दाखविणे सोयीचे होते. १९०३ मध्ये कार्थेजचा तुरुंग खरेदी झाला. १९०५ मध्ये व्हरमाँटमधील शॅरन येथे स्मिथ यांच्या जन्मस्थानी ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला. त्यांचे आयुष्य साडेअडतीस वर्षांचे म्हणून त्याच्या मुख्य दंडाची उंचीही साडेअडतीस फूट ठेवली. १९०७ मध्ये पाल्मायराजवळची स्मिथ कुटुंबाची शेती विकत घेतली.

मालकी मिळाली तरी शेतावर राहणार कोण, हा प्रश्न उरला. १९१५ मध्ये विलर्ड बीन हे एकेकाळचे मुष्टियोद्धे आणि त्यांच्या तरुण पत्नी रिबेका यांना तेथे धाडण्यात आले. मॉर्मनांविषयी गावात इतका रोष होता की दुकानात बोलायलाही कोणी राजी नसे. बीन कुटुंबात सांगितला जाणारा किस्सा असा, की एका गावकऱ्याने बागेच्या नळीने विलर्ड यांना भिजवून, तुम्ही बुडवून बाप्तिस्मा देता ना, असे हिणविले, तेव्हा आम्ही हात ठेवण्याचा विधीही करतो असे सांगत विलर्ड कुंपण ओलांडून गेले. तथापि गाव जिंकले ते विलर्ड यांच्या मुठींपेक्षा रिबेका यांच्या स्वयंपाकघराने, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. शेत पाहायला येणाऱ्यांची ऊठबस आणि जेवणे त्या घरी सतत होत राहिली. पाचेक वर्षांसाठी म्हणून गेलेले हे दांपत्य १९३९ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, तेथे राहिले आणि याच काळात, १९२८ मध्ये, पंथाला पवित्र असलेली कुमोरा टेकडीही चर्चच्या हाती आली. ऐतिहासिक जागा इमारतीने नव्हे तर घरपणाने बोलते, हा धडा चर्चला येथे मिळाला.

नॉव्हूचा पुनरुद्धार मात्र चर्चच्या योजनेतून सुरू झाला नाही. हीबर किंबॉल यांचे पणतू, सॉल्ट लेक सिटीतील डॉक्टर जे. लिरॉय किंबॉल यांनी १९५४ मध्ये पणजोबांचे घर विकत घेतले ते उन्हाळ्यात कुटुंबासह राहण्याच्या विचाराने. डागडुजी होऊन १९६० मध्ये घर खुले झाले, तर पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि सुट्टीचे घर हा बेत आपोआप मागे पडला. १९६२ मध्ये चर्चच्या पाठबळाने ‘नॉव्हू रिस्टोरेशन’ ही संस्था स्थापन झाली. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे जुन्या वसाहतकालीन रूपात पुन्हा उभारलेल्या व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग गावाचा नमुना होता. उत्खनन, कागदपत्रे, जुन्या कारागिरीचा अभ्यास यांवर उभे राहिलेले, कोणत्याही अमेरिकनाला आपले वाटेल असे गाव त्यांना हवे होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी चर्चच्या नेतृत्वाने कल बदलला आणि इतिहासकथनापेक्षा धर्मसंदेशाला अग्रक्रम मिळाला. पेशेवर मार्गदर्शकाऐवजी श्रद्धावान जोडपे, ही निवड या कलाशी जुळणारी होती. स्थानिक पातळीवर पगारी पाद्रीच नसलेल्या पंथाला विनावेतन सेवा नवी नव्हती, आणि निवृत्तीनंतर धडधाकट आयुष्याची पाच-दहा वर्षे हाताशी असलेली पिढीही एव्हाना तयार होत होती.

या निवडीची किंमतही आहे. पढविलेली माहिती सांगणाऱ्या भाविकाकडून अडचणीच्या प्रश्नाचे उत्तर मिळेलच असे नाही, आणि बहुपत्नीत्व किंवा मोडलेला छापखाना हे विषय या घरांत दीर्घकाळ टाळले जात असल्याची टीका इतिहासकारांनी केली ती गैर नव्हती. २०१४ मध्ये चर्चने स्वतःच नॉव्हूतील बहुपत्नीत्वावर निबंध प्रसिद्ध करून जोसेफ स्मिथ यांचे अनेक विवाह मान्य केले, तेव्हापासून मौनाला आधार उरला नाही. उलटपक्षी, आपल्याच खापरपणजीने ज्या रस्त्याने गाव सोडले त्या रस्त्यावर उभे राहून सांगणाऱ्या बाईचा आवाज कातर होतो, तेव्हा ते कोणत्याही पगारी मार्गदर्शकाला साधण्याजोगे नसते. जळालेल्या मंदिराच्या जागी २००२ मध्ये जुन्या रूपातले मंदिर पुन्हा उभे राहिले आणि त्याच्या अर्पणासाठी स्मिथ यांच्या हत्येची तारीख, २७ जून, निवडण्यात आली.

तरीही गावातील सर्वांत महत्त्वाची घरे या जोडप्यांच्या वेळापत्रकाबाहेरच होती. जोसेफ यांच्या पत्नी एमा पश्चिमेला गेल्याच नाहीत. ब्रिगॅम यंग यांच्याशी त्यांचे पटले नाही, त्यांनी १८४७ मध्ये नॉव्हूतच दुसरा विवाह केला आणि १८७९ मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांचे पुत्र तिसरे जोसेफ स्मिथ १८६० मध्ये एका वेगळ्या चर्चचे प्रमुख झाले. आज ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या चर्चकडे एमा यांची घरे आणि जोसेफ-हायरम यांची थडगी राहिली. १९१३ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला किओकक येथे धरण होऊन पाणी चढले, तेव्हा थडगी बुडण्याची काळजी वाटून १९२८ मध्ये ती शोधून नव्याने बांधली ती याच मंडळींनी. दोन्ही चर्चचे मार्गदर्शक एकाच गावात, काही पावलांच्या अंतरावर, दोन वेगळ्या सुरांत तोच इतिहास सांगत असत.

मार्च २०२४ मध्ये लॅटर-डे सेंट्स चर्चने कर्टलंडचे मंदिर, नॉव्हूतील स्मिथ कुटुंबाची घरे आणि काही हस्तलिखिते मिळून सुमारे सव्वाएकोणीस कोटी डॉलरला विकत घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस ही घरे पुन्हा उघडली, तेव्हा पश्चिमेला न गेलेल्या एमा यांच्या दारात पाहुण्यांची वाट पाहण्याची पाळी पश्चिमेला गेलेल्यांच्या धर्मवारसांकडे आली होती.