खुब्याचं ऑपरेशन: म्हाताऱ्या माणसाला बेडवरून उठवायची जुनी खटपट

न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, की घरात पहिला प्रश्न हाच येतो, "या वयात ऑपरेशन झेपेल का?" खरं तर न करणंच जास्त झेपत नाही, पण हे डॉक्टर लोकांना कळायलाही शंभर-सव्वाशे वर्षं गेली.

१८२२ मध्ये लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी लिहून ठेवलं होतं की सांध्याच्या पिशवीच्या आत मोडलेलं हाड सहसा जुळतच नाही, कारण मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा जो गोळा, त्याचा रक्तपुरवठाच तुटतो. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे रॉयल व्हिटमन पाय नीट बसवून छातीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालायचे. आता सत्तरीचा माणूस असा कित्येक आठवडे पडून राहिला तर काय होणार, बेडसोर, न्युमोनिया, आणि हाड राहिलं बाजूला.

१९२५ ला बोस्टनमध्ये स्मिथ-पीटरसनने तीन पात्यांचा खिळा ठोकला, मग १९३२ मध्ये स्वीडनच्या योहानसनने तो पोकळ करून तारेवरून, एक्स-रे बघत आत सरकवला, म्हणजे मोठी चीर नको. तरी १९३५ मध्ये सर्जन केलॉग स्पीड या फ्रॅक्चरला 'न सुटलेलं फ्रॅक्चर' म्हणजे न सुटलेलं कोडंच म्हणत होते! मग १९४० मध्ये ऑस्टिन मूर आणि बोलमननी मांडीच्या हाडाचा वरचा भागच धातूचा बसवला, आणि पन्नाशीच्या दशकात मूर आणि थॉम्पसनचे धातूचे गोळे आले. जुळत नाही ना, मग बदलूनच टाका. माझ्या मते खरी कलाटणी हीच, कारण पेशंट काही दिवसांत वॉकर धरून उभा राहायला लागला. पुढे बायपोलर, म्हणजे गोळ्यात गोळा फिरणारा कृत्रिम सांधा आला, आपल्याकडे तळवलकर बायपोलर बरंच वापरलं गेलं.

गोळ्याच्या खाली हाडाचा जो अरुंद भाग असतो (त्याला हाडाची मान म्हणतात), त्याच्या बुडाशी मोडलं तर गोष्ट उलटी, तिथे रक्तपुरवठा चांगला त्यामुळे हाड जुळतं, पण ठिसूळ हाडात स्क्रू धरतच नाही. जुना खिळा प्लेटला पक्का जोडलेला असायचा, हाड दबलं की तो गोळा फोडून सांध्यात घुसायचा. म्हणून हाड दबलं की मागे सरकणारा स्क्रू आला (डीएचएस, म्हणजे डायनॅमिक हिप स्क्रू), नंतर हाडाच्या पोकळीतला रॉड. १९९५ मध्ये बाउमगार्टनरने मोजून दाखवलं की समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेमध्ये स्क्रूचं टोक गोळ्याच्या शेंड्यापासून किती लांब आहे, त्या दोन अंतरांची बेरीज २५ मिमीच्या आत ठेवा, मग स्क्रू फाडून बाहेर यायची भीती बरीच कमी.

आता भर लवकर ऑपरेशनवर आहे, ब्रिटनमध्ये त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा असं २०११ पासून सांगतात. पण मूळ दुखणं, म्हणजे ठिसूळपणा, आपल्याकडे कॅल्शियमच्या गोळीवर ढकललं जातं. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत, वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड (हाडांची झीज रोखणारं औषध) शिरेतून दिलं, तर नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. हे औषध इथेही मिळतं, डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारा.