कोंबुचाचं कल्चर घरी नेल्यावर: आपल्या हवेसाठी माहितीपत्रक

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय. आमच्या पाकिटात त्याचं कल्चर असतं: स्कोबीची, म्हणजे चहा आंबवणाऱ्या जिवाणू आणि यीस्टच्या थराची, एक चकती आणि 200 मिली आंबट कोंबुचा. लक्ष चकतीकडेच जातं, पण दह्याला जसं विरजण, तसं इथं ते आंबट पाणी. ते ओतून देऊ नका. चहा पहिल्या दिवसापासून आंबट असला तर बुरशीला सहसा जागा मिळत नाही.

पहिली बरणी

2 लिटर पाणी उकळा. त्यात 15 ग्रॅम साधी चहापत्ती दहा मिनिटं ठेवून गाळा आणि 160 ग्रॅम साखर विरघळवा. मसाला, आलं, वेलची, दूध काही नको. गूळ चालेल का, असं बरेच जण विचारतात. पहिल्या बरणीला तरी साखरच वापरा. चहा पूर्ण निवू द्या, हाताला कोमटही लागायला नको. मग काचेच्या बरणीत चहा, आंबट पाणी आणि चकती घाला. तोंडावर घट्ट विणीचं सुती कापड रबराने बांधा. मच्छरदाणीच्या जाळीतून चिलटं आत शिरतात. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम वापरू नका, आंब त्यांना खातो.

पाण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. उकळून ते जात नाही, आणि चहापत्तीतही ते असतंच. अशा गावात आरओचंच पाणी घ्या.

उन्हाळा

बाहेरच्या बहुतेक पुस्तिकांत चहा आंबायला 7 ते 14 दिवस लिहिलेले असतात. ते 24 ते 29 अंशांचं गणित आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, टिनाच्या खोलीत रात्रीही गारवा नसतो. 35 च्या वर कल्चर बिघडू लागतं, चहा झपाट्याने आंबतो आणि यीस्टचा उग्र वास येतो. म्हणून या दिवसांत तिसऱ्या दिवसापासून रोज चमचाभर चाखा. गोड-आंबट जमलं की लगेच काढा.

बरणी पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, कोरड्या उन्हाळ्यात याने चांगला फरक पडतो. तोंडावरचं कापड मात्र कोरडंच राहिलं पाहिजे. कूलरच्या झोतात बरणी कधीच ठेवू नका. ओल्या गवताच्या ताट्यांमधली बुरशी हवेबरोबर थेट बरणीवर येते.

डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण होते. थंडीत आंब धरायला उशीर होतो आणि तेवढ्यात बुरशी जिंकते. बरणी फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा, रात्री गोधडीत गुंडाळा. पीएच पट्टीने (आंबटपणा मोजणारी कागदी पट्टी, आकडा जितका कमी तितकं आंबट) सातव्या दिवशी तपासा, आकडा 4.2 च्या खाली हवा. नसेल तर ती बरणी पिऊ नका.

हे बिघडलं आहे का?

चकती बुडाली, तिरपी झाली, तिला तपकिरी धागे लोंबले, तळाशी गाळ बसला: काही बिघडलेलं नाही, धागे आणि गाळ म्हणजे यीस्ट. वर पातळ, पांढरट नवा थर धरतो, तीच नवी चकती. तो ओला आणि गुळगुळीत असतो.

बुरशी कोरडी आणि लवदार असते. ती नेहमी वरच्या पृष्ठभागावर, गोल ठिपक्यांत उगवते, हिरवी, निळसर, काळी किंवा पांढरी. तिरप्या उजेडात बाजूने बघा, लव दिसते. अशी बरणी चकतीसकट फेकायची. वरचा थर काढून खालचं वाचवू नका, बुरशीचं विष खाली उतरलेलं असू शकतं.

फेस हवा असेल तर

गाळलेल्या कोंबुचात थोडा संत्र्याचा रस घालून झाकण लावा. फेब्रुवारी ते एप्रिल मृग बहाराची संत्री असतात, त्यांची चव छान उतरते. बाटली मात्र सोड्याची प्लॅस्टिकची घ्या. दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये टाका. उन्हाळ्यात हे एका दिवसात होतं. साध्या काचेच्या बाटल्या गॅसने फुटतात आणि काच लांब उडते.

सुरुवात रोज अर्ध्या कपाने करा. यात थोडा अल्कोहोल तयार होतो आणि साखरही उरते, हे मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. गरोदर बाया, लहान लेकरं आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना देऊ नका.

शंका आली तर पिण्याआधी बरणीचा बाजूने काढलेला फोटो पाठवा. पहिल्याच बरणीला बुरशी आली असेल, तर दुसरं कल्चर आम्ही पैसे न घेता देतो.