छोट्या जागेतल्या मैफलीला पोसत आलं कोण?

ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात गाण्याबजावण्याच्या १२५ छोट्या जागांमधले लाइव्ह कार्यक्रम बंद पडले. अशा जागांसाठी काम करणाऱ्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ या संस्थेने हा आकडा दिला. सोबत आणखी एक आकडा होता, आणि मला तो जास्त बोलका वाटतो: या जागांचा सरासरी नफा उलाढालीच्या जेमतेम ०.५ टक्के. शंभर पौंडांचा धंदा झाला तर हातात उरतो अर्धा पौंड. कार्यक्रमात तोटा येतो, बारवरच्या विक्रीतून तो भरून काढला जातो, आणि बार मंदावला की सगळंच थांबतं.

ही गोष्ट महागाईच्या किंवा कोविडच्या खात्यावर टाकून मोकळं होता येतं. पण साडेतीनशे वर्षं मागे गेलं तर दिसतं की छोट्या खोलीतली मैफल निव्वळ श्रोत्यांच्या पैशावर जवळपास कधीच उभी राहिलेली नाही. तिच्या पाठीशी कायम दुसरा कुठलातरी धंदा होता. तो धंदा कोणता, यावरून त्या खोलीत काय वाजायचं आणि लोक ते कसं ऐकायचे हेही बऱ्याच अंशी ठरत गेलं.

पैसे भरून कोणीही यावं आणि ऐकावं, अशा मैफलीची सुरुवात डिसेंबर १६७२ मध्ये लंडनला झाली असं साधारणपणे मानतात. जॉन बॅनिस्टर हा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारातला व्हायोलिनवादक. दरबारात वादकांचे पगार थकायचे. व्हाइटफ्रायर्स भागातल्या आपल्या घरी त्याने रोज दुपारी चार वाजता वादन सुरू केलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि प्रवेश एक शिलिंग ठेवला.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणून मात्र मी टॉमस ब्रिटनचं नाव घेईन. हा लंडनच्या क्लार्कनवेल भागातला कोळसेवाला. दिवसा पाठीवर पोतं टाकून गल्लोगल्ली कोळसा विकायचा. खाली कोळशाचं कोठार आणि वर बुटक्या छताचा लांबट माळा, तिथे जायला बाहेरून अरुंद जिना. या माळ्यावर १६७८ पासून दर आठवड्याला मैफल भरू लागली. ब्रिटन स्वतः व्हिओला द गाम्बा हे गुडघ्यांत धरून वाजवायचं तंतुवाद्य वाजवायचा. त्याला जुन्या ग्रंथांचा आणि स्वरलिप्यांचा भारी नाद होता, आणि त्याच ओढीने सरदार-उमराव त्याच्या ओळखीचे झाले होते. त्या जिन्यावरून रेशमी कपड्यांतली माणसं कोळशाची धूळ चुकवत वर चढायची. सुरुवातीला प्रवेश फुकट होता. पुढे वर्षाची दहा शिलिंग वर्गणी आली, आणि कॉफी हवी तर एक पेनी. १७१० मध्ये लंडनला आलेला संगीतकार हेन्डेलही इथे वाजवून गेला असं सांगतात. ब्रिटन १७१४ मध्ये वारला तोवर, म्हणजे ३६ वर्षं, हे चाललं. वर्गणीत एवढी वर्षं निघणं शक्य नव्हतं. जागा कोळशाच्या धंद्याची होती, भाडं कोळसा भरत होता, आणि मालकालाच संगीताचं वेड होतं. आजही टिकून असलेली एखादी छोटी जागा पाहा, बहुतेक वेळा तिथे असाच एक वेडा माणूस सापडतो.

पुढच्या शतकात हे ओझं कॉफीने उचललं. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये संगीतकार टेलेमानने १७०२ मध्ये स्थापन केलेली वादकमंडळी १७२९ पासून संगीतकार योहान सेबास्टियन बाखकडे आली. ही मंडळी झिमरमान नावाच्या कॉफीहाउसमध्ये हिवाळ्यात दर शुक्रवारी रात्री आठ ते दहा वाजवायची. मालक तिकीट लावत नसे, लोक बसून कॉफी पीत ऐकायचे. पुढे याच शहरातल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आपली मैफल एका खाणावळीत भरवली, आणि १७८१ मध्ये कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीत तिच्यासाठी सभागृह बांधलं. त्याचं ‘गेवांडहाउस’ हे नाव त्या इमारतीवरूनच पडलं. ऑक्सफर्डला १७४८ मध्ये उघडलेलं होलीवेल म्युझिक रूम हे खास मैफलीसाठी बांधलेलं युरोपातलं पहिलं सभागृह समजलं जातं. जेमतेम दोनशे माणसं मावतात, आणि तिथे आजही वाजतं.

एकोणिसाव्या शतकात पियानो बनवणारे पुढे आले. पियानो विकायचा तर तो ऐकवायला हवा, म्हणून कारखानदारांनी शोरूमला जोडून छोटी सभागृहं काढली. पॅरिसमध्ये प्लेयेल कंपनीच्या अशाच दालनात १८३२ मध्ये पियानोवादक आणि संगीतकार शोपँ पहिल्यांदा त्या शहरापुढे बसला, आणि फेब्रुवारी १८४८ मधली त्याची पॅरिसमधली शेवटची मैफलही याच कंपनीच्या सभागृहात झाली. उभ्या आयुष्यात त्याने जाहीर मैफली केल्या त्या तीसच्या आसपास. त्याचा हात हलका होता, मोठ्या सभागृहात सूर मागपर्यंत पोचत नाहीत अशी तक्रार त्याच्या काळातले लोक करायचे. त्याची रचना शंभर-दोनशे माणसांसमोर वाजवण्यासाठीच झालेली आहे. दहा हातांवर बसून ती ऐकली की डाव्या हाताच्या मंद हालचालीतलं सगळं कळतं. मागच्या बाल्कनीतून त्यातलं निम्मं हरवतं.

लंडनच्या विग्मोर हॉलची कथाही पियानोपासूनच सुरू होते. बेखस्टाइन या जर्मन कंपनीने आपल्या शोरूमशेजारी १९०१ मध्ये हे सुमारे साडेपाचशे खुर्च्यांचं सभागृह बांधलं. पहिलं महायुद्ध पेटलं आणि कंपनी शत्रूची ठरली. १९१६ मध्ये लिलाव झाला, त्यात सभागृह, कचेऱ्या आणि १३७ पियानो मिळून सगळं ५६,५०० पौंडांना गेलं. एकट्या सभागृहाच्या बांधकामालाच लाखभर पौंड लागले होते. पुढच्या वर्षी नव्या नावाने दार पुन्हा उघडलं. आज गायन आणि चेंबर संगीतासाठी (म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीतासाठी) जगातल्या सर्वोत्तम खोल्यांत त्याची गणना होते, आणि ती खोली उभी राहिली ती पियानोच्या विक्रीसाठी.

यानंतर आली दारू, आणि तिचा अंमल अजून संपलेला नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात तळघरांत चोरटे गुत्ते निघाले, आणि गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून वादक ठेवले गेले. बंदी उठली तेव्हा ही तळघरं स्वस्तात मिळू लागली. मॅक्स गॉर्डनने १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या अशाच एका जुन्या गुत्त्यात आपला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लब आणला. त्रिकोणी खोली, १२३ माणसांची मुभा. आधी कवी, लोकगायक आणि विनोदवीर, आणि १९५७ पासून पूर्णपणे जॅझ.

जॅझ ऐकायला माणसं गप्प बसू लागली, यामागे एका कराचाही हात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकी सरकारने नाच किंवा गायन असलेल्या खाण्यापिण्याच्या जागांच्या बिलावर ३० टक्के कर बसवला. काही महिन्यांत तो २० टक्क्यांवर आला, पण पूर्ण जायला १९६५ उजाडलं. नुसतं वादन असेल आणि कोणी नाचत नसेल तर हा कर लागत नसे. मोठ्या नाचघरांचं कंबरडं मोडलं आणि चार-पाच वादकांचा ताफा, समोर खुर्च्या, नाचायला जागाच नाही, असा क्लब परवडू लागला. बीबॉप ही गुंतागुंतीची, बसून ऐकायची शैली जन्मली त्यामागे प्रतिभा होतीच. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९३८ साली निघालेल्या मिंटन्स प्लेहाउसच्या मागच्या खोलीत पियानोवादक थेलोनियस मंक आणि ड्रमवादक केनी क्लार्क रात्र-रात्र ती घडवत होते. पण तिला शहरभर जागा मिळाली ती या कराच्या हिशेबाने.

त्याच शहराच्या कायद्याने या खोल्यांचा छळही केला. १९२६ च्या कॅबरे कायद्यानुसार नाचाला आणि बऱ्याचशा वादनाला परवाना लागायचा. १९४० पासून क्लबमध्ये वाजवणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडून ओळखपत्र घेणं सक्तीचं झालं. १९४७ मध्ये गायिका बिली हॉलिडेचं ओळखपत्र गेलं, १९५१ मध्ये मंकचं. कार्नेगी हॉलसारख्या मोठ्या सभागृहाला ही अट नव्हती, त्यामुळे बिलीला तिथे गाता येई, पण शंभर माणसांसमोर नाही. मंक आपल्याच शहरातल्या क्लबांपासून सहा वर्षं दूर राहिला. १९५७ मध्ये ओळखपत्र परत मिळालं आणि ‘फाइव्ह स्पॉट’ या चिमुकल्या क्लबात तो सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला घेऊन महिनोनमहिने वाजवत राहिला. या सहा वर्षांत जे वाजलंच नाही त्याचा विचार मनात आला की आजही संताप येतो. ओळखपत्राची सक्ती १९६७ मध्ये गेली. मूळ कायदा रद्द व्हायला २०१७ उजाडलं.

२५ जून १९६१, रविवार. पियानोवादक बिल एव्हन्स, बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन. व्हॅनगार्डमध्ये दुपार-संध्याकाळ मिळून पाच बैठका झाल्या आणि सगळ्या ध्वनिमुद्रित झाल्या. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. ते मुद्रण ऐकताना सुरांच्या मागे ग्लासांची किणकिण आणि हलकी कुजबुज ऐकू येते. काहींना ती खटकते. मला ती हवीशी वाटते, कारण त्या रात्रीचं भाडं त्याच ग्लासांनी भरलं होतं.

लिव्हरपूलचं ‘कॅव्हर्न’ हा ठळक अपवाद. ॲलन सिट्नरने पॅरिसमधला तळघरातला एक जॅझ क्लब पाहून १६ जानेवारी १९५७ रोजी गोदामांखालच्या विटांच्या कमानींत तो सुरू केला. युद्धकाळात लोक बॉम्बहल्ल्यापासून तिथे आसरा घ्यायचे. इथे दारू मिळत नसे. त्यामुळे गणित वेगळं झालं: कचेऱ्या-दुकानांतली कोवळी मुलंमुली जेवणाच्या सुट्टीत यायची, पुन्हा संध्याकाळीही यायची, आणि कमाई गर्दीवर व्हायची. वादकांना दिवसातून दोनदा उभं राहावं लागे. ९ फेब्रुवारी १९६१ ते ३ ऑगस्ट १९६३ या काळात बीटल्स इथे पावणेतीनशेहून जास्त वेळा वाजले. समोरची मुलगी हात लांब केला तर गिटारला लागेल एवढ्यावर, तिने ओरडून फर्माइश केली की उत्तर द्यायलाच हवं. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९६५ मध्ये, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोकांसमोर ते उभे राहिले तेव्हा आरड्याओरड्यात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी दौरे कायमचे थांबवले. मूळ कॅव्हर्न १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामासाठी बंद झालं.

त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बावरी या पडीक रस्त्यावर हिली क्रिस्टलने ‘सीबीजीबी’ हा क्लब उघडला. वर बेघरांसाठीची स्वस्त वसतिगृहं, त्यामुळे भाडं कमी आणि आवाजाची तक्रार करणारं कोणी नाही. दारावरचे पैसे बँडचे, बारचे मालकाचे, आणि अट एकच: स्वतःची गाणी वाजवायची. टेलिव्हिजन, रमोन्स, पॅटी स्मिथ, ब्लॉन्डी, टॉकिंग हेड्स ही सगळी नावं या अरुंद बोळकांडीतून वर आली. पुढे बावरीचा भाव चढला. भाड्याच्या वादानंतर ऑक्टोबर २००६ मध्ये पॅटी स्मिथच्या कार्यक्रमाने दार लागलं आणि तिथे कपड्यांचं दुकान आलं.

जपानमधल्या ‘लाइव्ह हाउस’ नावाच्या खोल्यांनी तोटा सरळ वादकांच्या अंगावर टाकला. बँडने ठरावीक तिकिटं विकायची, न खपलेल्यांचे पैसे खिशातून भरायचे. या पद्धतीमुळे खोल्या टिकल्या हे खरं, पण नवख्या मुलांना आपल्या पहिल्या कार्यक्रमासाठी पैसे मोजावे लागणं मला योग्य वाटत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक जुनी गोष्ट वर आली: शेजार. क्लबमुळे वस्तीला रंग चढतो, मग तिथे घरं बांधली जातात, आणि नवे रहिवासी आवाजाची तक्रार करतात. मेलबर्नमध्ये ‘द टोट’ हे गाण्यांचं पब जानेवारी २०१० मध्ये बंद झालं, कारण लाइव्ह संगीत म्हणजे धोका असं धरून परवाना खात्याने सुरक्षारक्षकांचा खर्च लादला होता. पुढच्या महिन्यात हजारो लोक विधिमंडळावर चालून गेले आणि नियम बदलला. २०१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने नवं तत्त्व स्वीकारलं: जो नंतर येईल त्याने आवाज रोखण्याचा खर्च करायचा. क्लब आधीपासून असेल तर शेजारी इमारत बांधणाऱ्याने खिडक्या-भिंती तशा बसवायच्या. इंग्लंडने हे तत्त्व २०१८ मध्ये नियोजनाच्या राष्ट्रीय धोरणात घेतलं.

आता दारूची विक्रीही पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही, तेव्हा नवा पोशिंदा शोधणं चालू आहे. फ्रान्समध्ये लोकप्रिय संगीताच्या तिकिटांवर ३.५ टक्के कर घेऊन तो संगीतक्षेत्रातच परत वाटला जातो. ब्रिटनमध्ये संसदेच्या समितीने मे २०२४ मध्ये स्टेडियम आणि मोठ्या सभागृहांच्या तिकिटांतून छोट्या जागांसाठी वाटा काढण्याची शिफारस केली. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने २०२५ च्या आपल्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातले १० टक्के द्यायचं जाहीर केलं. मोठ्या मंचावर पोचणारे बहुतेक सगळे आधी छोट्या खोलीत तासून निघालेले असतात, त्यामुळे ही मागणी मला रास्त वाटते. दुसरीकडे ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ने श्रोत्यांना समभाग विकून इमारतीच विकत घ्यायला सुरुवात केली आहे. अशी पहिली खरेदी २०२३ मध्ये झाली: मँचेस्टरजवळच्या ॲथर्टन गावातलं ‘द स्नग’.