तोबऱ्यात ओट की बार्ली?

“ओट नाही तर बार्ली घाला, दाणा तो दाणाच.” मुंबईत वरातीला घोडी पुरवणाऱ्यांत हे वाक्य सहज ऐकू येतं. दिसायला दोन्ही सारखेच टरफलवाले, तेव्हा गफलत व्हायचीच.

एकेक दाणा घेऊन नखाने सोलून बघा. ओट लांबट, हलका. टरफल दाबलं की सुटतं आणि आतून मऊसर दाणा निघतो. बार्ली पोटाला फुगीर. तिचं टरफल दाण्याला इतकं चिकटलेलं की नख दुखेल, पण ते निघणार नाही. (न्याहारीच्या पाकिटातले ओट इथे धरू नका, ते आधीच सोललेले असतात.)

खरा फरक आतड्यात. ओटात स्टार्च साधारण 40 टक्के, बार्लीत 50च्या वर. तो लहान आतड्यातच पचायला हवा, आणि ओटाचा बहुतेक तिथेच पचतो. कच्च्या बार्लीचा मात्र पाचकरसांना दाद देत नाही. त्यात घोड्याकडे अमायलेज, म्हणजे स्टार्च पचवणारं पाचक द्रव्य, मुळातच कमी. उरलेला स्टार्च मोठ्या आतड्यात गेला की जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. मग पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आत सूज येऊन जनावर पाय टेकेनासं होतं.

म्हणून बार्ली शिजवून किंवा वाफवून चपटी करून द्यावी. नुसती भरडली तर काम अर्धंच होतं. शिजवायची तीही त्या वेळेपुरती, कारण मुंबईच्या दमट हवेत ती लवकर आंबते. दात धड असलेल्या घोड्याला ओट अख्खा चालतो.

डब्याने मोजण्याचा घोळ याहून वाईट. लिटरभर ओट 400-450 ग्रॅम भरतो, बार्ली सहाशेच्या वर. डब्याला डबा बदलला की स्टार्च जवळपास दुप्पट! सावध हिशेब असा: एका खाण्यात घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे 1 ग्रॅम स्टार्च. 450 किलोच्या घोड्याला ओट किलोभर, बार्ली आठशे ग्रॅम. चंदी (घोड्याचा दाणा) काट्यावरच तोला.

माझं मत विचाराल तर वरातीच्या घोडीला दोन्हींची फारशी गरज नाही. तिचं काम उभं राहण्याचं. तिला भरपूर चांगलं गवत द्या. त्यातला तंतूही कर्बोदकच, फक्त तो मोठ्या आतड्यात सावकाश आंबून ताकद देतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पळणाऱ्या घोड्याचं नुसत्या गवतावर भागत नाही, आणि तिथे मी ओटच निवडेन. बार्लीवर जायचंच असेल तर आठ-दहा दिवस घ्या, रोज मूठ-दोन मूठ बदलत.