कानोव्हाचं ‘क्युपिड आणि सायकी’: संगमरवराच्या आधीचं काम

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं हे शिल्प प्रेमदेव क्युपिड आणि राजकन्या सायकी या ग्रीक पुराणातल्या प्रेमिकांचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यांची सलग कथा सापडते ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या आपुलेयस या लेखकाच्या लॅटिन ग्रंथात. व्हीनस देवीच्या हुकमावरून सायकी पाताळातून सौंदर्याची कुपी आणते, वाटेत ती उघडते आणि मरणासारख्या झोपेत कोसळते. क्युपिड बाणाचं टोक टोचून तिला उठवतो. म्हणजे ‘क्युपिडच्या चुंबनाने जागी झालेली सायकी’ असं या शिल्पाला म्हणत असले, तरी जाग येते ती चुंबनाने नव्हे. ती कुपी आणि क्युपिडचा भाता पाहायचा तर शिल्पाच्या मागे जायला हवं. बहुतेक लोक समोरूनच फोटो काढून निघून जातात.

इटालियन शिल्पकार आंतोनियो कानोव्हाला हे काम 1787 मध्ये जॉन कॅम्पबेल या ब्रिटिश कर्नलने दिलं. ते 1793 मध्ये पुरं झालं. पंख आणि पाय मिळून फुलीसारखी तिरपी रचना होते आणि तिच्या मधोमध सायकीच्या हातांचं कडं. ही कल्पना हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरातल्या एका भित्तिचित्रावरून सुचली. उंची 155 सेंटिमीटर.

खरी गंमत कार्यशाळेत आहे. आधी हातभर मातीचा नमुना, मग लोखंडी सांगाड्यावर पूर्ण आकाराची मातीची मूर्ती. ओली माती वाळली की आकसते, तडकते. म्हणून लगेच साचा घेऊन प्लास्टरची प्रत काढायची. साचा सोडवताना माती जायचीच. मग प्लास्टरवर ठिकठिकाणी धातूचे बारीक खिळे ठोकायचे आणि ओळंबे व कंपासने मोजून तेच बिंदू दगडात किती खोल आहेत ते ठरवायचं. लहान नमुन्यावरून मोठा दगड कोरला तर मापातली बारीकशी चूकही पटींत वाढते. इथे प्लास्टर आणि दगड एकाच मापाचे असल्याने ती अडचण टळते. जादा दगड मदतनीस काढत. त्वचेवरचा शेवटचा हात मात्र कानोव्हाचा, अनेकदा दिव्याच्या तिरप्या उजेडात, कारण पृष्ठभागावरचा बारीकसा उंचवटा त्यात सावली टाकतो. त्वचा गुळगुळीत झिलईची, बसायचा खडक मुद्दाम खडबडीत ठेवलेला, आणि पंख इतके पातळ की उजेड आरपार येतो. सायकीच्या पायापाशी एक मूठही आहे: शिल्प बैठकीवर फिरवून दाखवण्यासाठी.

कॅम्पबेलच्या घरी ते कधी पोचलंच नाही. नेपोलियनचा मेहुणा म्युरा याने ते घेतलं आणि 1824 मध्ये ते लूव्रमध्ये आलं. रशियन सरदार युसुपोव्हसाठी कानोव्हाने केलेली दुसरी आवृत्ती आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. त्या आवृत्तीचं प्लास्टर त्याने शिष्य आदामो तादोलिनीला प्रती काढण्याच्या परवानगीसह दिलं. 1905 पासून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. इटलीत कोमो सरोवराकाठच्या व्हिला कार्लोतामधली संगमरवरी जोडी याच तादोलिनीची.